घरचा निळा

डोळ्यावरची पट्टी निघून आठ दिवस झाले तरी थोरलीचा पारा खाली येईना. लोक मोतीबिंदू काढून घरी येतात, भिंतीवरचं घड्याळ लांबून वाचतात आणि आल्यागेल्याला वाचून दाखवतात. हिचं उलटंच. पहिल्याच दिवशी तिने लेकीला फैलावर घेतलं.

"स्वयंपाकघराची भिंत कधी रंगवलीस? मला विचारायचं तरी."

"आई, भिंतीला कोणी हात लावलेला नाही. पांढरीच होती, पांढरीच आहे."

"पिवळसर होती."

"तुला दिसत असेल पिवळसर."

थोरलीने उजवा डोळा झाकला. उजवा म्हणजे ऑपरेशन झालेला. डाव्याने भिंत पिवळसर दिसली. डावा झाकला, भिंत पांढरीफटक. मग तिने खुंटीवरची आपली शाल ओढली. त्या शालीचं सूत तिने स्वतः रंगवलं होतं, तीन वर्षांपूर्वी, आपल्या हाताने कालवलेल्या रंगात. जगात तिचं कुठे नाव असेल, तर ते त्या रंगामुळे. उजव्या डोळ्याने बघितलं. शाल ओरडत होती. खेळण्याच्या दुकानात टांगलेल्या फुग्यासारखी निळीभडक.

"डोळा बिघडवून ठेवला त्या बाईने," ती म्हणाली, आणि तपासणीचा दिवस येईपर्यंत रोज म्हणत राहिली.

तपासणीच्या दिवशी खुर्चीत बसायच्या आधीच तिने तोंड सोडलं. "डॉक्टरीणबाई, माझ्या डोळ्यात काय बसवलंय तुम्ही? शाईची बाटली? सगळं निळं दिसतंय मला."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण अशी माणसं रोज बघत असणार, कारण त्यांना राग आला नाही. त्यांनी एक कोरा कागद पुढे धरला. "आळीपाळीने डोळा झाका आणि सांगा."

"याने पांढरा. याने चहा सांडल्यासारखा."

"कोरा कागद आहे. मघाशीच गठ्ठ्यातून काढला. आता कोणता डोळा बिघडलाय?"

थोरलीने कागद उलटा करून बघितला. तिला या प्रश्नाचा रोख आवडला नाही.

बाईंनी टेबलावरचा मातीचा डोळा उघडला, दोन वाट्यांसारखा. "हा मागचा पडदा. यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात, लाखोंनी. काही दांड्यांसारख्या. त्या अंधुक उजेडात कामाला येतात, त्यांना रंगातलं काही कळत नाही. रंगाचं काम शंकूसारख्या पेशींचं. त्यांच्या तीन जाती. एक जात लाल-पिवळ्या अंगाच्या उजेडाला जास्त दाद देते, एक हिरव्याला, एक निळ्याला. आता गंमत अशी, की यातल्या एकटीला कुठलाच रंग कळत नाही."

"म्हणजे?"

"एकटी पेशी एवढंच सांगते, मला इतका उजेड मिळाला. बस. तिघींचं सांगणं मेंदू एकमेकींशी ताडून बघतो, आणि मग तुम्ही म्हणता, हा जांभळा, हा पोपटी."

हे थोरलीला लगेच कळलं. चाळीस वर्षं रंगखान्यात काढलेल्या बाईला ते कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तीन टाक्यांवर तीन बायका उभ्या आहेत, एकीलाही शेवटचं सूत कसं निघणार ते ठाऊक नाही, जी ती आपल्या टाकीत किती गेलं तेवढंच ओरडून सांगते. बघणारी चौथीच.

"मग माझी निळी मेली होती?"

"मेली नव्हती, उपाशी होती. आधीच ती जात थोडी, शंभरांत पाच-दहा. आणि तुमच्या डोळ्यातलं पुढचं भिंग वयाने पिवळं पडलेलं. पिवळी काच निळा उजेड अडवते. मागे पेशी धडधाकट बसल्या होत्या, पण त्यांच्यापर्यंत पोचायचंच कमी. मी पिवळं भिंग काढून स्वच्छ बसवलं. आता एकदम पोट भरून मिळतंय, म्हणून सगळं निळं वाटतंय. पुढे सवय होईल."

"हे पिवळं पडायला किती दिवस लागले?"

"दिवस नव्हे, वर्षं. दहा-बारा तरी. इतकं हळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. वाटतं, जग आहे तसंच आहे."

"मला कोणी सांगितलं असतं तर?"

"तर तुम्ही मानलं असतं?" बाई हसून म्हणाल्या. मग थोरलीचा चेहरा बघून त्यांचं हसू गेलं. "तुम्ही काम काय करता?"

"रंग कालवते," थोरली म्हणाली. "निळा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना लेक हात धरायला आली, तो हात तिने झटकला. तिचं डोकं हिशेब करत होतं. दहा-बारा वर्षं. धाकट्या बहिणीला रंगखाना सोडून सात झाली होती.

*

थोरली आणि धाकटी सख्ख्या बहिणी, एकीत आणि दुसरीत सात वर्षांचं अंतर. दोघी एकाच रंगखान्यात कामाला, आणि तिथेही त्यांना सगळे थोरल्या बाई, धाकट्या बाई असंच म्हणत. त्यांच्या आधी त्यांची आई तिथे रंग कालवायची. तिने एक निळा काढला होता. धुरासारखा, मऊ, बघणाऱ्याच्या डोळ्यावर न येणारा. त्याला रंगखान्यात घरचा निळा म्हणत. बाकी सगळ्या रंगांचे नमुने पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलेले असत, या रंगाचा नमुना ठेवायची चाल नव्हती. आई म्हणायची, सूत उजेडाने विटतं, विटलेल्या नमुन्याशी ताडून रंग काढला की पुढचा त्याहून विटका, त्याच्या पुढचा आणखी. त्यापेक्षा रंग डोळ्यात ठेवायचा. आणि तिने तो दोघी लेकींच्या डोळ्यात ठेवला होता.

चाल चांगली होती. फक्त डोळाच विटला तर काय करायचं, हे आईने सांगितलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका सकाळी थोरलीने धाकटीला सांगितलं, निळ्या पुडीची साडेतीन मापं टाक. धाकटीने काही दिवसांपासून कुरकुर लावली होती, ताई, जास्त होतंय, ताई, भडक येतंय. त्या दिवशी तिने कुरकुर केली नाही. गुपचूप अडीचच टाकली. आईच्या वेळी अडीचच असायची.

सुताची लडी बाहेर आली ती थोरलीला राखेत लोळवल्यासारखी दिसली. तिने माप विचारलं, धाकटीने खरं सांगितलं. मग थोरलीने डोक्यात राख घालून घेतली. ओली लडी उचलली आणि धाकटीच्या तोंडावर मारली. अकरा माणसं बघत होती. "डोळे फुटलेत का तुझे?" ती ओरडली. "सबंध टाकी नासवलीस! आईच्या नावाला काळं फासलंस!"

धाकटीने तोंडावरचं पाणी पदराने पुसलं. एवढंच म्हणाली, "ताई, डोळे तपासून घे."

ते थोरलीला असं झोंबलं, की ती तशीच मालकाकडे गेली. इथे ती राहील नाहीतर मी राहीन. मालकाने ऐकून घेतलं, टाकीपाशी येऊन लडी बघितली, थोरलीची बघितली, धाकटीची बघितली, आणि दुपारी धाकटीला घरी पाठवलं. ती परत आली नाही. पुढे आई गेली तेव्हाही दोघी खोलीच्या दोन टोकांना उभ्या होत्या.

*

दवाखान्यातून थोरली घरी गेलीच नाही. काळा चष्मा लावून थेट रंगखान्यात शिरली. लेक मागून "वाफ, आई, डोळ्याला वाफ लागू द्यायची नाही," असं म्हणत राहिली.

आत नेहमीसारख्या टाक्या उकळत होत्या, जमीन ओली होती, आणि मागच्या अंगणात बांबूंवर सूत वाळत होतं. पाच बांबू घरच्या निळ्याचे. थोरलीने चष्मा वर केला. एकदा बघितलं. पुन्हा खाली केला. पाचही बांबू तिच्या अंगावर धावून आले होते.

मालक खोलीत बसला होता. त्याच्या बापाच्या हाताखाली थोरली कामाला लागली तेव्हा हा रांगत होता, म्हणून तो तिला मावशी म्हणायचा.

"या मावशी! दिसतंय ना नीट? मी म्हटलं नव्हतं, काही दुखत नाही?"

"दिसतंय. बाहेर जे वाळतंय ते काय आहे?"

"आपला निळा."

"तो आपला निळा नाही. आईने बघितला असता तर टाकीत मलाच बुडवलं असतं. किती वर्षं हे असं निघतंय? तू दोन डोळ्यांचा माणूस इथे बसून काय करत होतास?"

मालकाने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, निदान स्वतःला तसं समजत नव्हता. तिला समजावता येईल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने उठून कपाट उघडलं आणि तळातून एक पत्र्याचा डबा काढला. डब्यात काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन लड्या होत्या.

"ही आजींच्या, तुमच्या आईच्या हातची. बाबांनी चोरून ठेवली होती. आजींना कळलं असतं तर त्यांची धडगत नव्हती." तो हसला. "आणि ही धाकट्या बाईंची. त्या दिवशीची."

थोरलीने दोन्ही लड्या खिडकीशी नेल्या, एकीला एक लावून धरल्या. उजव्या डोळ्याने बघितल्या. धूर. मऊ, शांत, लहानपणी आईच्या बोटांना लागलेला असायचा तो. दोन्हींत सुईच्या टोकाएवढाही फरक नाही. मग तिने डावा डोळा उघडला, उजवा झाकला. दोन्ही राखेत लोळवलेल्या. आईचीसुद्धा. आईची लडी तिच्या हातात त्या दिवशी कोणी दिली असती, तर तिने तीसुद्धा कोणाच्या तरी तोंडावर मारली असती.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मावशी, त्याच दिवशी ताडून बघितलं. धाकट्या बाईंचं बरोबर होतं."

"मग तिला घालवलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात, ती नाहीतर मी!"

"मी आंधळी होते! तू नव्हतास!"

बाहेर टाकीवरच्या बायकांचे हात थांबले. मालकाने आवाज खाली घेतला. "आता सगळं सांगतो, चिडू नका. आजींचा निळा सुरेख, पण पडून राहायचा. लोक म्हणायचे, मळकट दिसतो. तुमचा हा जसजसा उजळत गेला तसं गिऱ्हाईक मागून घ्यायला लागलं. आज आपला रंगखाना या निळ्यावर उभा आहे. तुमचा डोळा बिघडला आणि आपलं नशीब सुधारलं, असं समजा. धाकट्या बाई राहिल्या असत्या तर त्यांनी तुमचा हात रोखला असता."

थोरलीला वाटलं, आता आणखी काही ऐकायचं उरलं नाही. पण उरलं होतं.

"एक विनंती आहे," मालक म्हणाला. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ना? तो डावा राहू द्या, मावशी. कामाचा तोच आहे."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने हात उगारला नाही, तिला तशी गरजच वाटली नाही. तिने डब्यात दोन्ही लड्या कोंबल्या, डबा काखेत मारला.

"बापाने चोरून ठेवलेला नमुना, आणि तू चोरून ठेवलेली माझी बहीण. तुला मी उकळत्या टाकीत पडताना ओढून काढलंय रे. दोन वर्षांचा होतास. तेव्हा मला नीट दिसत होतं, हीच चूक झाली."

"मावशी, शोभतं का हे?"

"नाही शोभत. पण मला कळेना, तुला बोलताना शोभणारं काय आणू."

ती बाहेर आली आणि मधल्या टाकीच्या पायरीवर चढली. लेकीने डोळ्यांवर हात घेतला. थोरलीला मोठ्याने बोलायची सवय होती, वाफेतून आणि खळखळाटातून आवाज काढायची.

"ऐका! सात वर्षांपूर्वी इथे मी धाकटीच्या तोंडावर लडी मारली. कोणकोण होतं?"

आधी कोणी हलेना. मग चार हात वर झाले. बाकी कोणी काम सोडून गेलं होतं, कोणी जगातूनच.

"तिचं माप बरोबर होतं. माझा डोळा गेला होता. हे मालकालाही ठाऊक होतं, त्याच दिवसापासून. रंग तिने नासवला नव्हता, मी नासवत होते. आजवर नासवला. बाहेर पाच बांबूंवर माझी अक्कल वाळतेय, जाऊन बघा."

सूत पिळणारा म्हातारा खाली बघून पुटपुटला, "आम्हाला वाटायचं तसं."

"वाटायचं? मग तोंडात काय धरलं होतंस?"

"थोरल्या बाई, तुमच्यापुढे कोण बोलणार?"

थोरली रागारागाने पायरीवरून उतरली आणि डबा काखेत घट्ट धरून बाहेर पडली.

*

धाकटी तीन गल्ल्या पलीकडे एका लाँड्रीत होती. दवाखान्याच्या, वसतिगृहाच्या पांढऱ्या चादरी तिथे येत. धुणं, नीळ घालणं, पिळणं धाकटीकडे. इस्त्री दुसऱ्या एका बाईकडे. या सात वर्षांत थोरली त्या गल्लीने गेली नव्हती. लेकीला तिने कोपऱ्यावरच थांबवलं. "तू येऊ नकोस. मला शिव्या खायच्या आहेत, त्या एकटीने खाल्लेल्या बऱ्या."

धाकटी नळापाशी उकिडवी बसली होती. केस पिकले होते, बाकी पाठीचा कणा तोच, ताठ. तिने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा धुण्यात हात घातला.

"चादर टाकायची असेल तर पुढे दे. पावती तिकडे मिळते."

"धाकटे, मी आलेय."

"दिसतंय मला."

थोरली रस्ताभर शब्द जुळवत आली होती. ते सगळे सांडले. "तुझं बरोबर होतं. अडीच मापं बरोबर होती. माझा डोळा पिवळा पडला होता, मला निळा दिसतच नव्हता. माझं चुकलं."

धाकटीने चादर दगडावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा.

"कधी कळलं?"

"आज."

"मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला सांगितलंही होतं. सात वर्षं माझ्या हातांना साबण खातोय," तिने हात पुढे केले, बोटांच्या पेरांना भेगा होत्या, "आणि तुला आज कळलं. वा तायडे. बस, तुझ्यासाठी खुर्ची मागवते."

"तिथे सगळ्यांसमोर सांगून आलेय."

"सगळ्यांसमोर? त्या दिवशी अकरा होते. आज किती होते?"

"त्यांतले चौघं."

"मग उरलेल्या सात जणांना कोण सांगणार? ते मला नासकी म्हणतच राहणार ना?"

थोरलीने ऐकून घेतलं. तिने 'पण' म्हटलं नाही, हा शब्द तिने दाताखाली धरून ठेवला होता. तिने डबा उघडला आणि लडी काढली. "ही तुझी. मालकाने ठेवली होती. आईच्या लडीशी तंतोतंत जुळते. बघ."

धाकटीने हात पुसून लडी घेतली, दारातल्या उन्हात नेली. बराच वेळ उलटसुलट केली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"ही माझी नव्हे."

"तुझीच आहे."

"मला फसवू नकोस. माझा रंग मला ठाऊक नाही? हा मळका आहे. राखेसारखा." तिने दुसरी लडी ओढून घेतली. "आणि ही आईची? छे. आईचा निळा असा नव्हताच. मालकाने तुझ्या हातात वाटेल ते दिलं आणि तू आणलंस. दोन्ही जुळताहेत हे खरं, पण दोन्ही खोट्या."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि या वेळी ती आग धाकटीवर नव्हती, पिवळ्या पडणाऱ्या डोळ्यावर होती. तिने चष्मा काढला. आत, दोऱ्यांवर चादरी टांगल्या होत्या, वीसेक तरी. आत आल्या आल्या तिने त्या बघितल्या नव्हत्या. एकही पांढरी नव्हती. सगळ्या आभाळासारख्या निळ्या.

त्याच वेळी आतून इस्त्रीवाली बाहेर आली, हातात घड्यांची चळत. थोरलीला बघून थबकली, तरी बोलली. "धाकट्या बाई, दवाखान्याने परत पाठवल्या. पुन्हा तेच म्हणतात. नीळ फार झालीय."

"फार झालीय? अगं, पिवळ्या दिसताहेत अजून! डोळे आहेत की बटणं? अर्धं आयुष्य मी रंगात काढलंय, तू मला नीळ शिकवणार? जमत नसेल तर सांग, उद्यापासून दुसरी बघते."

इस्त्रीवालीने मान खाली घातली. थोरलीने तो चेहरा ओळखला. त्यावरून फक्त पाणी ओघळायचं बाकी होतं.

आता काय करावं? ती माफी मागायला आली होती. आत्ता बोललं की ती माफी राहत नाही, धाकटीच्या लेखी तो सूड होतो. गप्प बसलं तर बहीण परत मिळेल, कदाचित आजच. आणि ही बाई उद्या घरी जाईल. गप्प बसायला किती सोपं असतं, हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि म्हणूनच तिला मालकाचा चेहरा आठवला आणि शिसारी आली.

"तिला बोलू नकोस," ती म्हणाली. "चादरी निळ्या आहेत."

धाकटी वळली. "काय म्हणालीस?"

"तुझ्याही डोळ्यात तेच झालंय, धाकटे. सात वर्षांपूर्वी माझं जे वय होतं ते आज तुझं आहे."

ओली चादर थोरलीच्या छातीवर येऊन आदळली. वजनदार होती, ती दोन पावलं मागे गेली.

"म्हणजे याच्यासाठी आलीस! चुकलं चुकलं म्हणत आत शिरलीस आणि माझे डोळे काढलेस! तुला मोठेपणाच हवा, कायम! माफी मागतानाही तूच वर!"

"मार. आणखी एक आहे बादलीत, तीही मार. पण मला एवढंच सांग, नीळ किती घालतेस?"

"तुला काय करायचंय?"

"माझा डोळा खोटा, तुझा डोळा खोटा. चमचा तर खोटं बोलत नाही ना? टबाला किती?"

धाकटीने तोंड फिरवलं. पाणी तिच्या कोपरांवरून टपटपत होतं. बोलली ती इस्त्रीवाली, चळतीच्या आडून, अगदी हळू. "तीन चमचे, बाई. मी आले तेव्हा एक असायचा. मग दीड झाला, मग दोन."

"टब मोठा घेतला आपण," धाकटी म्हणाली.

"नाही घेतला, बाई. तोच आहे."

धाकटीने टबाकडे बघितलं. मग चमच्याकडे. धाकटीने वाकून टबाच्या कडेला दोन्ही हात लावले आणि सगळा टब मोरीत उलटा केला. निळं पाणी दोघींच्या पायांवरून धावत गेलं.

"नीच आहे हे," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते समजलं नाही. "मी बरोबर होते. सात वर्षं मी तेवढ्यावर जगले, की मी बरोबर होते."

"होतीसच."

"तू गप्प बस. तुझ्याशी बोलत नाहीये मी." तिने हाताच्या पाठीने नाक पुसलं आणि इस्त्रीवालीकडे बघितलं. "उद्यापासून नीळ तू घालशील. मी विचारलं तरी मला हात लावू द्यायचा नाही. मी ओरडले तरी नाही. कळलं?"

"आणि ओरडलात तर?"

"तर उलट ओरड! तोंड नाही का तुला?"

इस्त्रीवालीने चळत खाली ठेवली आणि टबात नवं पाणी सोडलं. परत आलेल्या चादरी पुन्हा खळखळून काढायच्या होत्या, सगळ्याच्या सगळ्या. धाकटीने पहिली उचलली, पाण्यात घुसळली, बाहेर काढली. मोठी होती, एकटीने पिळता येण्यासारखी नव्हती. तिने इकडेतिकडे बघितलं. इस्त्रीवाली नळाशी गुंतली होती. मग तिने थोरलीकडे न बघता चादरीचं एक टोक तिच्या दिशेने भिरकावलं.

थोरलीने ते पकडलं. दोघी दोन बाजूंना सरकल्या आणि उलट्या दिशांनी पिळायला लागल्या. धाकटी सगळा राग मनगटात आणून पिळत होती, थोरली मागे हटत नव्हती. चादरीला पीळ पडत गेला, ती दोरासारखी ताठ झाली, मधून पाण्याच्या धारा लागल्या.

"घट्ट धर," धाकटी दात आवळून म्हणाली. "हात तरी शाबूत आहेत ना तुझे?"